‘स्वतःच्या जबाबदारीवर बसावे’ असा फलक असताना राइडवर झालेल्या इजेची भरपाई मागता येते का?

आपल्या प्रश्नानुसार, राइड सुरू होताना आपल्या भावाच्या सेफ्टी बारचे लॉक नीट बसलेले नव्हते, पहिल्याच वळणावर बार सुटला आणि त्याच्या खांद्याचे हाड मोडले. तक्रार करायला गेल्यावर व्यवस्थापनाने मात्र प्रवेशद्वारावरील ‘स्वतःच्या जबाबदारीवर बसावे’ या फलकाकडे बोट दाखवले. आता दाद मागण्याचा मार्ग बंद झाला का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो बंद झालेला नाही. देशोदेशीचे कायदे वेगळे असले, तरी या प्रश्नाचा गाभा जवळपास सगळीकडे एकच आहे: राइडवर बसणाऱ्याने नेमका कोणता धोका पत्करला होता?

व्यवस्थापनाच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा निकाल न्यूयॉर्कचा आहे. तेथील कोनी आयलंडच्या मनोरंजन उद्यानात चढावर धावणारा एक सरकता पट्टा होता आणि त्यावर तोल सांभाळताना लोक पडत, हीच त्याची गंमत होती. तेथे पडून गुडघ्याची वाटी मोडलेल्या एका तरुणाचा दावा १९२९ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी मान्य केला नाही, कारण पडणे हाच त्या खेळाचा उघड धोका होता आणि इतरांना पडताना पाहूनच तो पट्ट्यावर चढला होता. मात्र हा निकाल उद्धृत करणारे त्याचा दुसरा भाग सहसा गाळतात. धोका लपलेला असता, किंवा काहीतरी खबरदारी घेतलेलीच असणार असे कोणालाही वाटावे इतका गंभीर असता, तर गोष्ट वेगळी ठरली असती, असे त्याच निकालपत्रात म्हटले आहे. न बसलेले लॉक हा लपलेलाच धोका आहे. वेग, उंची आणि पोटात येणारा गोळा आपल्या भावाने पत्करला होता, बार सुटणे पत्करलेले नव्हते.

राइड कोणाच्या हातात होती, यावरही बरेच अवलंबून असते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली डिस्नीलँडविरुद्धच्या गोमेझ प्रकरणात असे ठरवले की, रोलर कोस्टरसारख्या राइडच्या चालकाला प्रवासी वाहतूकदाराप्रमाणे अत्युच्च दर्जाची काळजी घेण्याचे बंधन लागू होऊ शकते. त्याच न्यायालयाने २०१२ साली नलवा प्रकरणात, बंपर कारमध्ये मनगट मोडलेल्या महिलेचा दावा मात्र फेटाळला. वरवर पाहता हे निकाल परस्परविरोधी वाटतात, पण तसे नाही. बंपर कारचे सुकाणू बसणाऱ्याच्याच हातात असते आणि धडका देण्यासाठीच तो आत शिरलेला असतो. रोलर कोस्टरमध्ये बसलेला माणूस गाडी थांबवू शकत नाही, उतरू शकत नाही आणि आपला बार खरोखर बसला आहे की नाही हे अनेकदा ताडूनही पाहू शकत नाही. आपले प्रकरण रोलर कोस्टरच्या प्रकारात मोडते.

आता फलकाविषयी. राइडमध्ये स्वभावतः असलेल्या धोक्याची सूचना म्हणून त्याला महत्त्व आहे, आणि पाठीचे दुखणे, गर्भारपण किंवा उंचीची मर्यादा यांविषयीची सूचना डावलून कोणी बसले, तर ती त्याच्याविरुद्ध वापरली जाईलच. पण स्वतःच्या हलगर्जीपणातून सुटण्यासाठी तो कितपत चालतो, हे स्थळावर ठरते. इंग्लंडमध्ये ग्राहकाच्या मृत्यूची किंवा शारीरिक इजेची जबाबदारी अशा सूचनेने टाळताच येत नाही. १९७७च्या कायद्यापासूनच ही स्थिती आहे आणि आता ती तरतूद २०१५च्या ग्राहक हक्क कायद्यात आहे. अमेरिकेतील काही राज्यांत भरपाईचा हक्क सोडत असल्याच्या सही केलेल्या कागदाला अधिक वजन मिळते, म्हणून भावाने कशावर सही केली होती का, हे आधी पाहावे.

लॉक तपासणाऱ्या एका कर्मचाऱ्यावर सगळे ढकलण्याचा प्रयत्न होईल, त्याने गोंधळून जाऊ नये. नोकराच्या कामातील चुकीसाठी मालक उत्तरदायी असतो, आणि शिवाय अशा अपघातांमागे बहुधा व्यवस्थेचाच दोष निघतो. इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स या मनोरंजन उद्यानात २ जून २०१५ रोजी १६ प्रवासी असलेली रोलर कोस्टरची गाडी रुळावर अडकलेल्या रिकाम्या गाडीवर आदळली, कारण रूळ मोकळा आहे असे समजून अभियंत्यांनी गाडी थांबवण्याचा संगणकाचा आदेश डावलला होता. दोन तरुणींना पाय गमवावा लागला. तरी अशा प्रसंगी काय करायचे याची नीट कार्यपद्धतीच नव्हती, म्हणून ठपका कंपनीवर आला आणि ५० लाख पौंडांचा दंड झाला. ऑस्ट्रेलियातील ड्रीमवर्ल्ड उद्यानात २०१६ साली पाण्यावरून नेणाऱ्या एका राइडवर चार जण दगावले, तिचा पाण्याचा पंप त्याच दिवशी आधी दोनदा बंद पडला होता. म्हणून आपल्या राइडच्या त्या बारविषयी आधी तक्रारी होत्या का, हा प्रश्न जरूर विचारावा.

निर्मात्यालाही विसरू नये. २०१७ साली ओहायो राज्याच्या जत्रेत एक झुलणारी राइड हवेतच तुटली. निर्मात्या कंपनीने नंतर आतून गंजलेली तुळई हे कारण सांगितले, आणि विशेष म्हणजे तपासणीत ती राइड उत्तीर्ण झालेली होती. त्यामुळे तपासणीचे प्रमाणपत्र समोर ठेवले म्हणजे वाद संपला असे मानू नये.

भावाने स्वतः बार सैल केला होता किंवा मध्येच उभा राहिला होता, असा आरोप बहुतेक होईल. तो सिद्ध झाला तरी अनेक ठिकाणी दावा पूर्ण बुडत नाही, त्याच्या चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी होते.

तातडीचे काम पुराव्याचे आहे. सीसीटीव्हीचे चित्रण काही काळाने आपोआप पुसले जाते, म्हणून ते, त्या दिवसाची तपासणी-नोंदवही आणि देखभालीच्या नोंदी जपून ठेवाव्यात, अशी मागणी आजच लेखी पाठवावी आणि तिची पोच घ्यावी. मागच्या आसनावरील प्रवाशांचे संपर्क, तिकीट आणि पहिल्या उपचाराची कागदपत्रे एकत्र करावीत. इजा कशी झाली हे डॉक्टरांच्या पहिल्या टिपणात लिहिले आहे का, तेही पाहावे. त्यानंतर तेथील वकिलाला मुदत विचारावी: इजेच्या दाव्यासाठी इंग्लंडमध्ये साधारणपणे तीन वर्षे मिळतात, कॅलिफोर्नियात दोनच, आणि राइड सरकारी संस्थेची असेल तर आगाऊ नोटीस देण्याची मुदत काही ठिकाणी याहून बरीच कमी असते.