वाचकांचे प्रश्न : थकलेला बैल पांजरपोळात सोडावा का?

प्रश्न : आमचा सर्ज्या सोळा-सतरा वर्षांचा आहे. त्याचा जोडीदार तीन वर्षांपूर्वी गेला, ट्रॅक्टर आल्यापासून त्याला काम उरले नाही, आणि वडील गेल्यावर त्याच्याकडे मायेने बघणारे माणूसही राहिले नाही. मुले म्हणतात, बाजार दाखवू. मला ते पटत नाही. डॉक्टर, पांजरपोळात तो सुखाने राहील का, की आम्ही फक्त आपली सुटका करून घेऊ?
— एक शेतकरी वाचक, तालुका कराड

उत्तर : सुखाने राहू शकेल, मात्र ती जागा आपण स्वतः दोनदा जाऊन, त्यातही एकदा न कळवता जाऊन, पाहिलेली असावी. मुंबईत भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ साली सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने सुरू झाला, म्हणजे थकलेल्या आणि टाकलेल्या जनावरांना आसरा देण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. बोलीत मात्र ‘पांजरपोळ’ म्हणजे निरुपयोगी झालेल्यांची जागा असा अर्थ रूढ झाला, आणि जनावराला तिथे नुसते नेऊन सोडायचे ही सवयही त्या अर्थातूनच आली असावी, असे मला वाटते. २०१५ पासून राज्यात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. अशी जनावरे सांभाळणारे अनेक गोठे भरलेले असतात. म्हणून जागा आहे का, हे विचारण्याआधी किती जनावरांमागे किती माणसे आहेत, हे विचारावे.

आमच्या गोठ्यात नवे जनावर आले की पहिले तीन आठवडे ते वेगळे बांधले जाते. २०२२ सालच्या लंपीच्या साथीनंतर हा नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही. त्या काळात शेण तपासून जंतांचे औषध दिले जाते, खुरे छाटली जातात आणि दात पाहिले जातात. सतरा वर्षांच्या बैलाचे दात झिजलेले असणार. त्याच्यापुढे अख्ख्या कडब्याची पेंढी टाकली तर तो दिवसभर चघळत राहतो आणि तरीही खंगत जातो. त्याला बारीक कुट्टी, भिजवलेला कोंडा आणि हिरवा चारा लागतो. तेव्हा आपण पाहायला जाल त्या गोठ्यात कुट्टी यंत्र वापरात आहे का, आणि म्हाताऱ्या बैलांची दावण धडधाकट जनावरांपासून वेगळी आहे का, एवढे जरूर पाहावे. एकाच दावणीला बांधले की तरणी जनावरे म्हाताऱ्यांच्या तोंडचा घास ओढून घेतात.

मन रमायला शरीरापेक्षा जास्त वेळ लागतो. ऊसवाहतुकीच्या गाडीवरून सुटून आलेला एक बैल आमच्याकडे दोन महिने रोज पहाटे चारच्या सुमारास उठून फाटकाशी जाऊन उभा राहत असे, मान खाली घालून, जू खांद्यावर यायची वाट पाहत असल्यासारखा. त्याच्या खांद्यावर तळहाताएवढा जाड, केस गेलेला घट्टा होता. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो, तसे हळद-तेल लावून आमचा गडी रोज संध्याकाळी तो खांदा चोळत असे. पहिले काही दिवस हात लागताच बैलाची कातडी थरथरत असे. पुढे पुढे तो आपणहून मान पुढे करू लागला, आणि एका सकाळी आम्ही गोठ्यात गेलो तेव्हा तो उजाडले तरी बसूनच निवांत रवंथ करत होता. आपला सर्ज्या तीन वर्षे एकटा आहे. त्याला शांत स्वभावाच्या एखाद्या बैलाशेजारी जागा द्यावी, असे आपण आवर्जून सांगावे.

आणखी एक गोष्ट तेथील लोकांना विचारावी : शिंगे रोज पाहिली जातात का? म्हाताऱ्या बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो. बैल वारंवार डोके झटकतो, शिंग एका बाजूला कलते, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते. लवकर लक्षात आले तर शिंग काढून बैल वाचू शकतो.

हे सगळे पाहूनही मन घेत नसेल, तर शेजारच्या एखाद्या गरजू माणसाला महिन्याचे पैसे ठरवून सर्ज्याला घरीच सांभाळता येईल का, याचा विचार करावा. म्हाताऱ्या जनावराला ओळखीच्या गोठ्यासारखी दुसरी जागा नाही. नेलेच, तर त्याच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक लिहून द्यावा, पूर्वीची दुखणी सांगावीत, त्याला घरी कोणत्या नावाने हाक मारतात तेही सांगावे, आणि वर्षाच्या चाऱ्यातला आपला वाटा उचलावा. पहिल्या महिन्यात एकदा तरी भेटून यावे.

प्रश्न : आम्ही दर अमावास्येला जवळच्या गोशाळेत घरच्या पोळ्या, भात आणि गूळ घेऊन जातो. आता तेथील लोक ते घेत नाहीत. अन्नदानाला नकार का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ते बरोबर वागत आहेत, आणि आपण राग मानू नये. गायीच्या कोटीपोटातील, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील, सूक्ष्मजीव चारा पचवायला सरावलेले असतात. पोळ्या, भात आणि गूळ एकदम पोटात गेले की ते झपाट्याने आंबतात, आम्ल वाढते, हेच जीव मरतात आणि रवंथ थांबते. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पडून राहिलेल्या, दात खाणाऱ्या गायी मी स्वतः पाहिल्या आहेत. त्यातली एक आम्हाला वाचवता आली नाही. एका घरच्या चार पोळ्यांनी काही होत नाही, परंतु त्या दिवशी पन्नास घरे येतात. गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून दिलेले अन्न तर पिशवीसकट पोटात जाते, आणि मग पोट फाडून ती काढावी लागते. त्याच पैशांची मक्याची किंवा कडवळाची वैरण न्यावी, आणि गोशाळेतल्या माणसाच्या हाती द्यावी.

प्रश्न : वीटभट्टीवरून सोडवलेल्या दोन गाढविणी आमच्या संस्थेकडे आहेत. एक दाता त्यातली एक दत्तक मागतो आहे. द्यावी का?
— एक कार्यकर्ती, सोलापूर

उत्तर : एकटी देऊ नये. गाढवांची सोबत फार घट्ट असते. जोडीदार दुरावला की मागे राहिलेले गाढव खाणे सोडते, शरीरातील चरबी रक्तात उतरू लागते आणि काही दिवसांतच यकृत निकामी होऊन ते दगावू शकते. दात्याची दोन्ही नेण्याची तयारी असेल, आणि त्याच्याकडे कोरडी जमीन व सावली असेल, तर अवश्य द्याव्यात.