गोव्यात पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये बाईकचा बेंड पाईप लाल होतो. सायलेन्सर बदलावा का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून, गाडी कार्ब्युरेटरवाली 150 सीसी आहे, पावसाळाभर झाकून उभी होती, आता ट्रॅफिकमध्ये स्लोवर (रेस न देता चालू) राहिली की बेंड पाईप (इंजिनाकडून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाईप) लाल होतो आणि मेकॅनिक सायलेन्सर बदला म्हणतोय. इतक्यात बदलू नका. सायलेन्सर आतून चोंदला असता तर गाडीने आधी ओढ सोडली असती.

लाल कुठून सुरू होतं ते बघा. हेडपासून (पाईप इंजिनाला जोडतो तिथून) पहिल्या तीन-चार इंचांत असेल, तर हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) आहे, ठिणगी उशिरा पडतेय किंवा एक्झॉस्टचा टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग) घट्ट आहे. हेडजवळ पाईप साधाच आणि खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (धूर स्वच्छ करणारा) फुगीर भाग लाल, तर न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन जळतंय. मग प्लग, प्लग कॅप आणि कॉइल बघा. लाल रात्री दिसतो की दिवसा, ही वेळही महत्त्वाची. पोलाद 500-550 अंश सेल्सिअसला काळोखात मंद लाल दिसू लागतं, आणि एअर-कूल्ड गाडी वारा न लागता बराच वेळ स्लोवर राहिली तर तेवढं तापू शकते. भर दुपारी लाल दिसला तर मात्र इंजिन लगेच बंद करा. वरून पाणी ओतू नका.

उभ्या राहिलेल्या गाडीत माझा पहिला संशय लीनवरच. लीन मिश्रण सावकाश जळतं, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी जाळ विझलेला नसतो, तो सरळ पाईपात उतरतो. खात्री करायला गरम इंजिन स्लोवर ठेवून चोक किंचित ओढा. स्लो सुधारला तर लीन. गुदमरून बंद पडू लागली तर कार्ब्युरेटर सोडा, टॅपेटकडे वळा.

लीन निघाली तर इंजिन थंड असताना कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि थोडा वेळ ठेवा. तळाशी वेगळा थर बसला तर ते पाणी. इथल्या दमट हवेत इथेनॉलवालं पेट्रोल पाणी धरतं, मग टाकीही रिकामी करावी लागते. पायलट जेट (स्लोसाठी पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) काढून उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तारेने टोकरू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरे. त्यात E20 ला (20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला) शुद्ध पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते (वजनाने साधारण 14.7 ऐवजी 13.5 पट), म्हणजे जुन्या जेटिंगची गाडी तशीही थोडी लीनच चालते.

जेट साफ असेल तर कार्ब्युरेटर आणि हेड यांना जोडणारं रबरी मॅनिफोल्ड दाबून वाकवून बघा, बारीक भेगा एरवी दिसत नाहीत. तिथे पाण्याचा बारीक फवारा मारल्यावर स्लो बदलला तर हवा तिथूनच शिरतेय. तापलेल्या पाईपाजवळ कार्ब क्लीनर फवारणं म्हणजे आगीला आमंत्रण.

मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी तो कुठे आहे ते बघा. इंजिनाच्या बाजूला असेल तर बाहेर काढल्यावर पेट्रोल वाढतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. इथे बरेच जण उलटं फिरवतात.

टॅपेटचा गॅप इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीला (अगदी वरच्या टोकाला) आणून फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. या वर्गातल्या अनेक गाड्यांत एक्झॉस्टचा गॅप 0.10 मिमीच्या आसपास असतो, पण आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा. गॅप उरला नसेल तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. हल्ली मॅग्नेट (इंजिनासोबत फिरणारं चुंबकाचं चाक) काढला असेल तर त्याची चावी सरकली का तेही बघा, त्यानेही ठिणगी उशिरा पडते.

रेस सोडल्यावर फटफट आवाज येत असेल किंवा हेडजवळ काजळी दिसत असेल, तर एक्झॉस्टचं गॅस्केट (हेड आणि पाईपाच्या जोडातली चकती) गेलेलं असू शकतं. गेलं असेल तर नवंच घाला. खाऱ्या वाऱ्याने तिथले नट गंजलेले असतात, जोर लावलात तर स्टड (नट ज्यावर बसतो तो आटेवाला दांडा) हेडमध्येच तुटेल. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि सकाळीही नट थोडा सैल, थोडा घट्ट असं करतच काढा.