किल्ली क्रिकेटला, आम्हाला नाही

प्रश्न : माई, आम्ही दापोली तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतल्या आठवीच्या सात मुली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तासभर बसून किनारा मंडळ चालवायचंय. कुठले पक्षी आले, कासवाचा माग दिसला का, ते वहीत लिहायचं. मुख्याध्यापक म्हणतात, "शाळेत मंडळंबिंडळं नकोत." क्रिकेटवाल्या मुलांना मात्र रविवारीसुद्धा वर्गाची किल्ली मिळते. आमचा काही हक्क आहे की नाही?

उत्तर : पोरींनो, आहे. संघटना करण्याचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहे आणि तिथे वयाची अट नाही. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचं १५वं कलम तर मुलांसाठीच आहे.

पण मंडळ काढणं वेगळं आणि शाळेची खोली मिळणं वेगळं. खोली कुणाला, कधी द्यायची ते शाळा ठरवते. अमेरिकेत १९८४ च्या कायद्याने केंद्र सरकारची मदत घेणाऱ्या सरकारी माध्यमिक शाळेवर बंधन घातलंय, की अभ्यासक्रमाबाहेरच्या एका मंडळाला जागा दिली तर दुसऱ्याला त्याच्या विचारांमुळे किंवा धर्मामुळे नाकारायची नाही. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. आपल्या हातात आहे ते समानतेचं कलम १४. सरकारी शाळेला ते लागू होतं, म्हणून क्रिकेटच्या किल्लीचा मुद्दा अर्जात आलाच पाहिजे.

अर्ज लेखीच द्या. मी नोकरीत असताना मुलींनी भित्तिपत्रकासाठी तोंडी विचारलं होतं. मुख्याध्यापकांनी "बघू" म्हणून वर्ष काढलं आणि मी गप्प राहिले. ते मला अजून सलतं. तुम्ही दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. सोबत कोण बाई बसणार आणि भरतीच्या वेळी पाण्याजवळ जाणार नाही, हेही लिहा. मुलींच्या जिवाची काळजी मुख्याध्यापकांना असते, ती खोटी नव्हे. तरी नाही म्हणाले, तर आईला शाळा व्यवस्थापन समितीत विषय मांडायला सांगा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिथे तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात.

वही मात्र आजच सुरू करा, कुणाच्या तरी पडवीत बसून. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी वाळूवर चालते तेव्हा डाव्या-उजव्या वल्ह्यांसारख्या पायांच्या खुणा आळीपाळीने उमटतात. तसा माग दिसला तर वाळू उकरू नका. जागा आणि वेळ टिपून वनखात्याला कळवा.