प्रकल्प बंद पडला म्हणून क्षेत्र सोडू नका

जांबोटीजवळच्या गावातून बेळगावला बीसीएच्या शेवटच्या वर्षासाठी ये-जा करताना तुम्ही मला पत्र लिहिले आहे. पीकउत्पन्नाचा अंदाज सांगणारा तुमचा पायथन प्रकल्प दुसऱ्या प्रकल्पासाठी नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी (तयार कोडचा संच) अपडेट करताच बंद पडला आणि संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर नेऊनही महाविद्यालयाच्या संगणकावर तो सुरू झाला नाही, तेव्हा सॉफ्टवेअरचा नाद सोडून बँकेच्या परीक्षांकडे वळावे का, असे तुम्ही विचारता.

बँकेच्या परीक्षा जरूर द्याव्यात, पण या कारणासाठी नव्हे. तुमचे दोन्ही प्रकल्प लायब्ररींचा एकच सामाईक संच वापरत होते. जून २०२४ मध्ये नमपायची २.० आवृत्ती आली, तेव्हा जुन्या १.x आवृत्तीसाठी कंपाइल झालेली, म्हणजे यंत्रभाषेत रूपांतरित केलेली, अनेक पॅकेजेस (इतर लायब्ररी) तिच्यासोबत चालेनाशी झाली. त्यात तुमच्या कुवतीचा प्रश्न येत नाही.

प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे त्याच्या लायब्ररींचे स्वतंत्र फोल्डर, तयार करण्याची सोय पायथनमध्ये ३.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, आहे. त्यामुळे एका प्रकल्पातील बदलाची झळ दुसऱ्याला लागत नाही. मात्र हे फोल्डर पेनड्राइव्हवर नेऊ नये, कारण त्यात तुमच्या लॅपटॉपवरचे पूर्ण पाथ, म्हणजे फाइल्सचे पत्ते, लिहिलेले असतात. न्यायची ती पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या पिप या साधनाच्या ‘पिप फ्रीझ’ आदेशाने काढलेली, प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती सांगणारी रिक्वायरमेंट्स फाइल. त्या फाइलवरून दुसऱ्या संगणकावर नवे एन्व्हायर्न्मेंट उभे करावे. पायथनची आवृत्ती मात्र त्या यादीत येत नाही, म्हणून ती रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, वेगळी लिहावी.

गावात नेटवर्क टिकत नाही, ही तुमची तक्रार मला अधिक महत्त्वाची वाटते. महाविद्यालयात ‘पिप डाउनलोड’ वापरून सर्व पॅकेजेस एका फोल्डरमध्ये उतरवून घेतली, तर घरी इंटरनेटशिवाय ती इन्स्टॉल करता येतात. अट एवढीच, की दोन्हीकडची ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथनची आवृत्ती जुळली पाहिजे, अन्यथा उतरवलेल्या फाइल्स बहुधा निरुपयोगी ठरतात.

पुण्यात असो वा बेंगळुरूत, नव्या उमेदवाराला सुरुवातीला बहुतेक वेळा दुसऱ्याने लिहिलेला कोड आपल्या संगणकावर चालवून दाखवावा लागतो, आणि अभ्यासक्रमात याला फारशी जागा मिळत नाही, हे माझे जुने गाऱ्हाणे आहे. म्हणून नवा विषय शोधण्याऐवजी हाच प्रकल्प रिक्वायरमेंट्स फाइल व रीडमीसह गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवा, एन्व्हायर्न्मेंटचा फोल्डर गिटइग्नोरमध्ये (तिथे न पाठवायच्या फाइल्सच्या यादीत) टाका, आणि केवळ रीडमी वाचून एखाद्या मैत्रिणीला तो तिच्या लॅपटॉपवर सुरू करता आला, की इंटर्नशिपचे अर्ज पाठवू लागा.