संगणकावरच्या धड्याने मुलं खरंच शिकली का?

प्रश्न : सातवीच्या दोन तुकड्यांपैकी 'अ'ला अपूर्णांक संगणकावरून शिकवले, 'ब'ला फळ्यावर. शंभर गुणांच्या चाचणीत 'अ'ची सरासरी ८०, 'ब'ची ७०. संगणकाचा धडा सरस म्हणावा का?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : एवढ्यावरून नाही. धड्याआधीची चाचणी घेतली होती का? समजा तेव्हा 'अ' ६० वर होती आणि 'ब' ४० वर. मिळवलेली वाढ भागिले मिळवता येण्याजोगी वाढ (म्हणजे शंभरपर्यंत उरलेले गुण) असा हिशेब करा : २० भागिले ४० आणि ३० भागिले ६०. दोन्हीकडे ०.५, म्हणजे प्रगती सारखीच! दोन्ही तुकड्यांना तासिकाही सारख्याच हव्यात, नाहीतर जादा सरावाचं श्रेय संगणकाला जातं.

चाचणी कागदावर घ्या, गणितं धड्यात न आलेली द्या. पडद्यावर चार पर्यायांत अंदाजानेही उत्तर बरोबर येतं. तीन आठवड्यांनी न सांगता तशीच चाचणी पुन्हा घ्या. नवलाईचा उत्साह तोवर ओसरलेला असतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. सोलापूरच्या पूर्व भागातल्या अनेक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींकडे कन्नड. चुकलेलं गणित तोंडी, सोप्या शब्दांत विचारा. तेव्हा जमलं, तर अडचण बहुधा धड्याच्या भाषेत आहे.