लहान व्यवसायात नेमके कोणते आकडे बघावेत?

दर सोमवारी 22 आकड्यांची एक्सेल शीट भरता, पण त्यातून पुढे काय करायचं ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी पण हेच केलंय. माझं छपाईचं काम आहे, माझ्यासकट सात माणसं. माझ्या शीटला तर रंगसुद्धा होते.

शेवटी एकेका रकान्यापुढे एकच प्रश्न लिहिला: हा आकडा बिघडला तर मी उद्या काय वेगळं करणार? बहुतेकांपुढे उत्तर सुचेना. ते रकाने काढले. चार उरले: येणी किती दिवसांची, हातातली रोकड किती आठवडे पुरेल, वेळेवर गेलेली कामं आणि परत आलेली जुनी गिऱ्हाइकं. विक्री त्यात नाही, कारण ती मालकाला झोपेतही पाठ असते.

येणी सगळ्यात आधी धरा. समजा तीन महिन्यांत उधारीवर 9 लाखांची विक्री झाली आणि आज 6 लाख यायचे आहेत. 6 भागिले 9, गुणिले 90, म्हणजे 60 दिवस. तुम्ही मुदत 30 दिवसांची दिली असेल, तर गिऱ्हाइकांचा धंदा तुमच्या पैशावर चाललाय. विक्री वाढतेय म्हणून आपण खूश, आणि पगाराच्या दिवशी खात्यात खडखडाट, हे असंच होतं. फक्त सरासरीवर मात्र जाऊ नका. एखादा वेळेवर देणारा मोठा ग्राहक चार बुडव्यांना झाकून टाकतो. म्हणून 30 दिवसांच्या आतली, 30 ते 60, 60 ते 90 आणि त्यापुढची येणी वेगवेगळी मांडा. फोन शेवटच्या गटापासून सुरू करायचे.

आता माझी फजिती. 'वेळेवर गेलेली कामं' या आकड्याला मी बोनस जोडला. दोन महिन्यांत 100 पैकी 70 वरून 95 वर गेलो! मग ऑर्डर बुक चाळलं, तर जे काम आधी चार दिवसांत देतो म्हणायचो, त्यापुढे आता आठ दिवसांची तारीख पडलेली. मशीन तेवढीच, वेग तेवढाच, वायदे तेवढे लांबले. पोरांचं काही चुकलं नव्हतं, मी ज्याचे पैसे देत होतो तेच त्यांनी केलं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने 1975 मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना हेच निरीक्षण मांडलं होतं: एखाद्या आकड्याच्या जोरावर नियंत्रण करायला गेलं की त्याचा भरवसा उरत नाही. बोनस बंद केला, आणि त्या आकड्याच्या शेजारी ऑर्डर आल्यापासून माल जाईपर्यंतचे दिवसही लिहायला लागलो. दोन्ही एकत्र बघितले की लपवाछपवी जमत नाही.

रोकड आणि जुनी गिऱ्हाइकं यांचं गणित सोपं आहे, ते तुमचं तुम्ही कराल.

सॉफ्टवेअर सध्या घेऊ नका. एका पानावर 13 आठवड्यांचे रकाने आखा आणि हाताने भरा. एका आठवड्याच्या चढउताराने घाबरून मी पूर्वी नको ते निर्णय घेतलेत. आता सलग तीन-चार आठवडे आकडा एकाच बाजूला सरकला तरच माणसांना बोलावतो.