‘घर पाहूनच घेतले होते, आता तक्रार करता येईल का?’

समुपदेशनासाठी आलेल्या एका जोडप्याचा हा प्रश्न होता. जुना फ्लॅट दोनदा पाहून त्यांनी खरेदीखत केले होते. पहिल्याच पावसात शयनगृहाच्या भिंतीला ओल आली, आणि ‘तुम्ही पाहूनच घेतलेत ना?’ या विक्रेत्याच्या उत्तराने दोघेही निरुत्तर झाले होते. चूक आपलीच, असे त्यांनी जवळजवळ मान्यच केले होते.

घर पाहिले म्हणजे त्यातला प्रत्येक दोष पत्करला, असे कायदा मानत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर, विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला ठाऊक नसलेला आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष, मग तो मालमत्तेतला असो वा मालकी हक्कातला, उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे, आणि तो दडवणे हे कपट ठरते. अडते ते ‘त्याला ठाऊक होते’ हे सिद्ध करताना.

म्हणून करारात ‘जसे आहे तसे’ अशा आशयाची अट नाही ना, हे आधी तपासले आणि भिंत रंगवण्याची घाई करू नका, असे त्यांना कळकळीने सांगितले. दुरुस्तीच्या घाईत पुरावाच पुसला गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. अभियंत्यासमोर पुट्टी खरवडली, तेव्हा आत सिमेंटने बुजवलेल्या भोकांची सरळ रांग निघाली. गळती थांबवण्यासाठी पूर्वी ग्राउटिंग, म्हणजे भिंतीला भोके पाडून आत सिमेंटचे पातळ मिश्रण भरण्याचे काम, केल्याची ती खूण होती. पुढे सोसायटीच्या दप्तरात गळतीबद्दल विक्रेत्यानेच दिलेला जुना तक्रारअर्ज सापडला. बाईंनी त्यावरची तारीख दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “म्हणजे आम्ही बावळट नव्हतो.”

रेराकडे, म्हणजे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, जावे का, असेही त्यांनी विचारले. रेरा कायद्यानुसार, ताबा दिल्यापासून 5 वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातील दोष 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे ही विकासकाची जबाबदारी आहे. स्वतःचे राहते घर विकणाऱ्या व्यक्तीविरुद्ध ती तरतूद लागू होत नाही. त्यांच्यापुढे वकिलामार्फत नोटीस आणि गरज पडल्यास दिवाणी दावा, हा मार्ग होता. कपटाने दोष लपवला असेल तर दाव्याची मुदत, ते कपट उघडकीस आल्यापासून किंवा वाजवी तत्परतेने उघडकीस येऊ शकले असते तेव्हापासून मोजतात, हे ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला.

नोटिशीला त्यांनी त्या अर्जाची प्रत जोडली आहे. उत्तर येईपर्यंत भिंत तशीच उघडी ठेवायची, असे दोघांनी ठरवले आहे.